विनोदी लघुपटाच्या संहितेवर अभिप्राय द्यायचा आहे : पेन्सिल हातात घ्यावी की घेऊ नये?

धागाकर्ता : पर्वतीपायथा

नमस्कार. एका तरुण लेखिकेने आपल्या पहिल्यावहिल्या विनोदी लघुपटाची संहिता मला वाचायला दिली आहे, आणि येत्या रविवारी सकाळी डेक्कनवर चहा घेताना मी तिला अभिप्राय द्यावा, असे ठरले आहे. संहितेबद्दल येथे लिहिण्यास तिने आनंदाने होकार दिला असून ती स्वतःही हा धागा वाचणार आहे. तेव्हा जे लिहाल ते तिच्यासमोर बसून बोलत आहोत असे समजूनच लिहावे, ही विनंती.

मला भीती वाटते ती माझीच. माझे आयुष्य मुद्रितशोधनात गेले; छापील कागद समोर आला की चूक आधी दिसते आणि मजकूर नंतर. काही वर्षांपूर्वी एका मित्राने अशीच विनोदी संहिता वाचायला दिली होती, ती मी समासात लाल शाईने लिहिलेल्या ४१ टिपांसह परत केली. त्यांतली एकही टीप चुकीची नव्हती, असे मला आजही वाटते. त्यानंतर त्या मित्राने मला मुलीच्या लग्नाला बोलावले, वास्तुशांतीला बोलावले, संहिता मात्र पुन्हा कधी दाखवली नाही. आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याने ती पुढे कोणालाच दाखवली नाही.

आता या संहितेविषयी. नाव ‘मधला मजला’, पाने १४. कोथरूडमधील एक जुनी चार मजली इमारत, सदनिका १६. वार्षिक सर्वसाधारण सभा खाली पार्किंगमध्ये भरायची आहे आणि विषयपत्रिकेवर एकच तापलेला विषय आहे, तो म्हणजे लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार. काटकसरी सचिवांनी तो करार नूतनीकरण न करता संपू दिला आहे. सभेसाठी चौथ्या मजल्यावरून उतरताना ते लिफ्टमध्ये शिरतात, सोबत थकलेले बिल मागायला आलेला मेकॅनिक असतो, आणि लिफ्ट तिसऱ्या व दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकते. करार संपलेल्या लिफ्टला हात लावण्याची आपल्याला परवानगी नाही, असे मेकॅनिक शांतपणे सांगतो. खाली सभासद खोळंबले आहेत, कारण सचिवांशिवाय सभा सुरू होऊ शकत नाही. लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दरवाजाची असल्यामुळे आतल्या दोघांना तिसऱ्या मजल्यावरून ये-जा करणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. शेवटच्या दोन पानांत दिवे जातात, अंधारात दोघे एकमेकांना आपापली दुःखे सांगतात, सचिव म्हणतात, “माणसामाणसांतली लिफ्टच बंद पडली आहे,” आणि दिवे येतात.

कल्पना मला फार आवडली. पहिली सहा पाने वाचताना मी खरोखर हसलो, सातव्यापासून हसू थांबले, आणि शेवटच्या वाक्याला मी चष्मा काढून पुसला, तो गहिवरून नव्हे. हे तिला कसे सांगावे?

प्रतिसाद : कात्रीवाला

मी लघुपट आणि जाहिराती संकलित करतो, त्यामुळे न हसवणारे विनोद कापून टाकणे हा माझा उदरनिर्वाह आहे.

तुम्ही शेवटच्या परिच्छेदात जे सहज लिहून गेलात, म्हणजे सहाव्या पानापर्यंत हसलो आणि सातव्यापासून थांबलो, तोच तुमचा अभिप्राय आहे, आणि बहुतेक वाचक नेमका तोच गाळून थेट उपायांवर येतात. पेन्सिल अवश्य घ्यावी, पण पहिल्या वाचनात तिने दोनच खुणा कराव्यात : जिथे हसू फुटले तिथे टिंब, आणि जिथे आधीचे पान उलटून पाहावे लागले तिथे प्रश्नचिन्ह. विनोदात प्रश्नचिन्ह फार महाग पडते, कारण कोण कुठे उभे आहे आणि कोणाला काय ठाऊक आहे याचा हिशोब करत बसलेला माणूस हसत नाही. लेखिकेच्या हातात या खुणांची प्रत ठेवली, की अर्धे बोलणे तेथेच संपते. टिंबे दाट कुठे आहेत आणि विरळ कुठे, हे तिला तुमच्याआधी दिसेल.

दुसरे असे की, सातव्या पानावर थांबलेले हसू बहुधा तिसऱ्या पानावर बिघडलेले असते. ‘सातवे पान रटाळ आहे’ असे सांगितलेत तर ती त्या पानात आणखी चार विनोद भरेल आणि संहिता अधिकच जड होईल.

पानांच्या संख्येवरून लांबी ठरवू नये, हेही तिला सांगावे. कुरियर टंकातील १२ पॉइंटचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशोब इंग्रजी संहितेच्या ठरावीक मांडणीसाठी आहे; देवनागरीत टंक आणि ओळींमधले अंतर बदलले की तो कोलमडतो, आणि आपल्याकडच्या जुन्या पद्धतीप्रमाणे डावीकडे कृती व उजवीकडे संवाद लिहिले असतील तर तो लागूच पडत नाही. घड्याळ लावून मोठ्याने वाचावे, दुसरा मार्ग नाही.

आणि एक मुद्दा खास चित्रपटाचा. रंगभूमीवर हशा आला की नट थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला प्रेक्षागृह ऐकू येत नाही. मोठ्या हशाला लागून जे वाक्य येते ते हमखास बुडते, म्हणून त्या वाक्यात कथेला लागणारी माहिती ठेवू नये. तेथे एखादी हालचाल, एखादा चेहरा, नुसते बघणे असावे. संहितेत असे कुठे झाले आहे का, ते पाहावे.

प्रतिसाद : मानद सचिव

विनोदातले मला काही कळत नाही. मी बारा वर्षे गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे आणि त्या अधिकारात एक दुरुस्ती सुचवतो.

‘सचिवांशिवाय सभा सुरू होऊ शकत नाही’ हे चूक आहे. सभा अडते ती गणपूर्तीवाचून. आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. १६ सभासदांच्या इमारतीत दोन तृतीयांश म्हणजे दहा पूर्णांक आणि वर काही, अर्थात ११ माणसे हवीत. खाली दहा जण बसले असतील आणि अकरावे सचिव लिफ्टमध्ये असतील, तर मात्र सभा खरोखर अडेल.

पण तीही अर्धा तासच. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि सूचनेत तसे नमूद केले असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरते. त्या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. जितके हजर असतील तितक्यांत विषय मंजूर होतात. आमच्याकडे निम्मे सभासद दहाच्या सभेला साडेदहाला येतात, ते या उपविधीच्या भरवशावरच.

सभा वार्षिक असल्यामुळे ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. संहितेत आंब्याची पेटी आहे असे धागाकर्त्यांनी मला व्यक्तिगत संदेशात कळवले. सप्टेंबरच्या शेवटी आंब्याची पेटी कोठून येणार, हेही पाहावे.

प्रतिसाद : विंगेतून

वरचा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठलो. जो सचिव वर्षानुवर्षे हाच अर्धा तास वापरून मोजक्या माणसांत आपले ठराव मंजूर करून घेत आला असेल, तोच एका रविवारी त्या अर्ध्या तासात जाळीमागे अडकला, तर त्याच्या हातातले घड्याळ हेच संहितेतले तिसरे पात्र होईल. सातव्या पानावर हसू का थांबते, याचे एक उत्तर मला येथे दिसते : अडकलेल्या माणसाला बाहेर पडण्याची घाई नाही. उशीर झाला तर नेमके काय बिघडणार आहे, हे त्यालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही.

तरीही धागाकर्त्यांना हात जोडून विनंती आहे की, मी आता जे लिहिले ते रविवारी तिला सांगू नये. उपविधीची माहिती द्यावी, कागद समोर ठेवावा आणि गप्प बसावे. माहिती दिली तर ती तिची होते. कथानक दिले तर ते तुमचे राहते, आणि मग ती संहिता दोन माणसांनी शिवलेल्या सदऱ्यासारखी एका बाजूला ओढली जाते. (हा धागा ती वाचणार आहे, त्यामुळे माझ्या उपदेशाला फारसा अर्थ उरलेला नाही, हे लिहिताना लक्षात आले. लेखिकाबाईंनी वरचा परिच्छेद विसरावा.)

विनोदी संहितेबाबत हे पथ्य अधिकच पाळावे लागते, कारण विनोद सुचवण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. गंभीर नाटक वाचून कोणी ‘येथे हे स्वगत घाल’ असे म्हणत नाही. विनोदी लिखाण वाचले की मात्र प्रत्येकाला आपापली कोटी सुचते, आणि ती कोटी त्या पात्राच्या तोंडी शोभते का, हे पाहण्याआधीच ती सांगून होते.

एक सावधगिरी वाचनाबद्दल. महाविद्यालयात असताना आम्ही पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवत असू. १९६३ पासून चाललेल्या या स्पर्धेचे वातावरण ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ठाऊक आहे, की भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ सुरू झाल्यावर आपल्या महाविद्यालयाच्या नटाने नुसते नाक खाजवले तरी हशा येतो. तालमीच्या खोलीत मित्र हसले म्हणून आम्ही एक संपूर्ण प्रवेश ठेवला होता. अंतिम फेरीत, ज्यांना आमचा नट ओळखीचा नव्हता अशा प्रेक्षकांसमोर, त्या प्रवेशात पंख्याचा आवाज ऐकू आला. म्हणून लेखिकेने संहिता कोणाकोणाला वाचून दाखवली आहे आणि ते तिचे कोण लागतात, हे आधी विचारावे. वाचन तिने स्वतः करू नये. अनोळखी दोघांकडून, अभिनय न करता, करून घ्यावे. साध्या सुरात वाचूनही जे वाक्य हसवते, ते पुढे कसेही टिकते.

प्रतिसाद : स्पष्टवक्ता

इतकी सांभाळासांभाळ कशासाठी, हे मला समजत नाही. संहिता सहा पाने चांगली आणि आठ पाने वाईट आहे, असे एका वाक्यात सांगता येते. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन येतो, तो टिंबे आणि प्रश्नचिन्हे काढत बसत नाही. जिला आज चहाच्या टेबलावर खरे ऐकवत नाही, तिला उद्या रिकाम्या खुर्च्या ऐकवतील.

प्रतिसाद : पर्वतीपायथा

स्पष्टवक्ता, खरे सांगण्याला माझा विरोध नाही. ४१ टिपा खऱ्याच होत्या. ‘आठ पाने वाईट’ या वाक्याचा उपयोग काय, एवढाच माझा प्रश्न आहे. ते ऐकून तिने घरी जाऊन नेमके काय करावे?

कात्रीवाला यांच्या पद्धतीने पुन्हा वाचले. टिंबांचा हिशोब असा : पहिल्या सहा पानांत सतरा, पुढच्या आठ पानांत तीन. त्या तिन्हींची जागा पाहून मी चकित झालो, कारण तिन्ही चपलांची आहेत. जाळीपलीकडून पाय जातात, आणि सचिव नुसत्या चपला पाहून सभासद ओळखतात. दाराबाहेर चपला ठेवणाऱ्यांना गेली अनेक वर्षे तेच दंडाच्या चिठ्ठ्या देत आले आहेत, असे दुसऱ्या पानावर एका ओळीत येऊन गेले होते. लेखिकेने ही गंमत तीन ठिकाणी, प्रत्येकी एकेका वाक्यात उरकली आहे. आपल्या हाती काय लागले आहे, हे बहुधा तिला कळलेले नाही. माझ्या जुन्या मित्राच्या संहितेतही असे काही असणार. मी ते पाहिलेच नाही, कारण चांगल्या जागेवर खूण करायची असते हे मला कोणी शिकवले नव्हते.

पाचव्या पानावरचे हे वाक्य पाहावे. सचिव मेकॅनिकला सांगतात : “लिफ्ट वापरू नये अशी सूचना मी स्वतः लिफ्टच्या आतल्या बाजूला व्यवस्थित लावलेली आहे, कारण करार ३१ मार्चला संपला.”

येथे मी हसलो, पण अर्धवट. मुद्रितशोधकाच्या सवयीने वाक्य उलगडून पाहिले. हसू आहे ते ‘आतल्या’ या शब्दावर, आणि तो वाक्याच्या पोटात गाडला गेला आहे. त्याच्यानंतर ‘बाजूला व्यवस्थित लावलेली आहे’ एवढी वरात जाते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे विनोदाचा शब्द क्रियापदाच्या अलीकडे अडकून पडण्याची खोड मराठी वाक्याला आहेच. पण आपली वाक्यरचना लवचीकही आहे, बोलताना आपण ‘लावली आहे सूचना, आत’ असेही सहज म्हणतो. शिवाय हशाला लागूनच करार संपल्याची तारीख आली आहे, म्हणजे कात्रीवाला म्हणतात तशी ती बुडणार. नवे वाक्य मला सुचले आहे. विंगेतून यांची आज्ञा मानून ते मी खिशात ठेवतो आणि तिला एवढेच विचारतो, की या वाक्यात हसू कोणत्या शब्दावर यावे असे तुला वाटते?

आता अवघड भाग. तिसऱ्या पानावर मेकॅनिक ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो आणि सचिव त्याला सुधारतात. तेथे माझ्या पेन्सिलीने टिंब काढले नाही, प्रश्नचिन्हही काढले नाही. ती नुसती थबकली. हे कसे मांडावे?

प्रतिसाद : भरतवाक्य

थोडे शास्त्र चालेल का? नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्य दोन प्रकारचे मानले आहे : पात्र स्वतः हसते तेव्हा आत्मस्थ आणि ते दुसऱ्याला हसवते तेव्हा परस्थ. पुढे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद करून, ओठांच्या कोपऱ्यातले स्मित उत्तम पात्रांना आणि डोळ्यांत पाणी आणणारे अतिहसित अधम पात्रांना वाटून दिले आहे. आज आपण ही वाटणी मानणार नाही, परंतु कोणी, कोणाला आणि किती हसावे हा प्रश्न त्यांनी रंगमंचावरच्या प्रत्येक पात्रासाठी विचारला होता, तो अभिप्राय देणाऱ्याला आजही उपयोगी पडतो.

‘पानी’च्या जागी हाच प्रश्न विचारावा : येथे प्रेक्षकाने कोणाला हसावे? मेकॅनिकच्या उच्चाराला, की अडकलेल्या लिफ्टमध्येही न-ण सुधारत बसणाऱ्या सचिवांना? दोन्ही शक्य आहे आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसते. हा आक्षेप म्हणून मांडलात तर ती बचाव करील. प्रश्न म्हणून विचारलात तर बहुधा स्वतःच उत्तर शोधील. पुण्यात बसून गावाकडच्या बोलीला हसण्याचा प्रकार आपण सर्वांनी इतका पाहिला आहे की ती सवय लेखणीत नकळत उतरते, हे मात्र तिला मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

एक व्यावहारिक सूचना याच शास्त्रातून निघते. संहितेत कंसात ‘सर्व जण हसतात’ अशी वाक्ये किती आहेत, ते मोजावे. पात्रे हसू लागली की प्रेक्षकाच्या वाट्याचे हसू संपते.

प्रतिसाद : पर्वतीपायथा

मोजली. नऊ आहेत. सहा सातव्या पानानंतर.

प्रतिसाद : तळमजला

लिफ्टच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून लिहितो. मेकॅनिकचे ‘करार संपला, हात लावणार नाही’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण खरी अडचण वेगळी आहे.

लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच्या दाबाने आवळला जातो आणि विजेने सैल होतो. वीज गेली की तो आपोआप आवळतो, म्हणून लिफ्ट आहे तेथेच थांबते. अडकलेल्यांना काढायचे तर कोणीतरी वरच्या मशीन रूममध्ये जावे लागते. मुख्य पुरवठा बंद करून, ब्रेक हाताने सैल करून, चाक फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्याला आणावी लागते. नव्या लिफ्टना बॅटरीवर चालणारी एआरडी असते, ती वीज गेल्यावर लिफ्ट मजल्याला नेऊन उभी करते. जाळीच्या जुन्या लिफ्टला ती मुद्दाम बसवून घ्यावी लागते, आणि असले काटकसरी सचिव ती बसवणार नाहीत.

सांगायचे ते एवढेच, की तो मेकॅनिक कितीही कुशल असला आणि करार कितीही ताजा असला, तरी आत उभा राहून त्याला काहीच करता येणार नाही. हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असणार.

आणखी एक. संहितेत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जाळीतून शेंगदाण्याचा लाडू देतात म्हणे. चित्रीकरण खऱ्या लिफ्टमध्ये करणार असाल तर वीज पूर्ण बंद करून, जाणकार माणूस वर उभा करूनच करावे. जाळीतून हात बाहेर काढण्याचा प्रसंग चालत्या लिफ्टमध्ये कधीही करू नये.

प्रतिसाद : विंगेतून

“हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असणार.” मी काहीही बोलत नाही. तोंडावर बोट ठेवले आहे.

प्रतिसाद : मधलामजला

मी लेखिका. काल डेक्कनवर दोन तास बसलो, तीन चहा झाले. काका पेन्सिल घेऊन आले होते. ती त्यांनी बशीत ठेवली आणि शेवटपर्यंत उचलली नाही.

धागा मी आधीच वाचला होता, त्यामुळे सोंग आणणार नाही. सर्वांत जास्त कामास आली ती टिंबांची प्रत. शेवटच्या आठ पानांत तीनच टिंबे आहेत हे पाहून वाईट वाटले, पण तिन्ही चपलांजवळ आहेत हे पाहिल्यावर वाईट वाटणे थांबले आणि घरी जाण्याची घाई झाली. माझ्या मैत्रिणींना संहिता ‘मस्त’ वाटली होती. ‘मस्त’ या शब्दावर मला एक ओळही पुन्हा लिहिता आली नव्हती.

‘पानी’बद्दल. मी स्वतः सोलापूरकडची आहे आणि पुण्यात पहिल्या वर्षी मला कोणीतरी असेच सुधारले होते. मला हसायचे होते सचिवांना. पण दृश्य मी मेकॅनिकच्या चेहऱ्यावर संपवले होते, म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे बोट दाखवत होता. काकांनी विचारल्यावर ते दिसले. संवाद तोच ठेवला आहे, शेवट बदलला आहे.

स्पष्टवक्ता यांना सांगते की शेवटच्या वाक्याविषयी काका पूर्ण स्पष्ट बोलले. “हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला,” असे म्हणाले आणि मग विचारले की ते मी का लिहिले. मला उत्तर द्यायला वेळ लागला. नुसते हसवले तर लोक मला गंभीरपणे घेणार नाहीत, या भीतीने ते लिहिले होते. वाक्य काढले. अंधार मात्र ठेवला आहे. तो मला हवा आहे, आणि तो का हवा आहे हे अजून सांगता येत नाही. भरतवाक्य यांच्या सांगण्यावरून ‘सर्व जण हसतात’ आठ ठिकाणी काढले, एक राहू दिले, कारण तेथे सर्व जण सचिवांना हसत असतात आणि त्यांना ते खालून ऐकू येते. आंब्याची पेटी गेली. तिच्या जागी गौरी-गणपतीत उरलेल्या करंज्या आल्या आहेत, त्याही खवट.

नवा शेवट असा : साडेदहा वाजतात, तहकूब सभा भरते, अंधारात खालून टाळ्या ऐकू येतात, करार मंजूर. सचिव मेकॅनिककडे वळून म्हणतात, “आता लावा हात.” आणि मेकॅनिक पहिल्यांदाच नजर चुकवतो. तळमजला, हे तुमच्यामुळे.

पाचव्या पानाचा नवा मसुदा देते. काकांचे खिशातले वाक्य मी ऐकून घेतलेले नाही.

आतील दृश्य. लिफ्ट. सकाळ.
जाळीपलीकडे, डोळ्यांच्या रेषेत, तिसऱ्या मजल्याची फरशी. सचिव घड्याळ पाहतात : दहा वाजून बावीस मिनिटे. निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल येऊन थांबते.
सचिव (चपलेला) : तीनशे दोन, तुम्ही अजून सभेला गेला नाहीत?
चप्पल एक पाऊल मागे सरकते.
बाईंचा आवाज : कोण आहे?
सचिव : सचिव.
बाईंचा आवाज : लिफ्टमध्ये? लिफ्ट वापरू नका म्हणून तुम्हीच सूचना लावली होती ना?
सचिव : लावली होती.
मेकॅनिक : कुठे?
सचिव : आत.
मेकॅनिक हळूहळू मान वळवतो. त्याच्या डोक्यामागे कागद. चप्पल जिन्याकडे वळते.
बाईंचा आवाज (दूर जाताना) : साडेदहा वाजू देत. मग जाते सभेला.

प्रतिसाद : पर्वतीपायथा

माझे खिशातले वाक्य याहून लांब होते. ते मी आज सकाळी रद्दीत टाकले. त्या जुन्या मित्राला काल रात्री दूरध्वनी केला. संहिता अजून कपाटात आहे म्हणाला. टिपा फाडून टाक आणि कोरी प्रत दे, असे सांगितले आहे. विचार करून कळवतो म्हणाला.

प्रतिसाद : कात्रीवाला

हशानंतर मान वळणे, कागद, चप्पल, आणि मगच साडेदहाची माहिती. आता ती बुडणार नाही. एकच विचारतो : ‘आत’ हा शब्द सचिवांनी उच्चारावा, की त्यांनी गप्प राहावे आणि तो कागदाने सांगावा?

प्रतिसाद : मधलामजला

दोन्ही प्रकारे चित्रित करते. संकलनाला याल का?